निकाल लागला, पण कशाचा?

भोपाळ वायुदुर्घटनेचा खटला चाळीस वर्षं या कोर्टातून त्या कोर्टात फिरतो आहे. जामीन, आरोपपत्र, पुनरीक्षण, तडजोड, क्युरेटिव्ह याचिका हे शब्द बातम्यांत रोज भेटतात. ते प्रत्यक्षात काय करतात, हे या एका खटल्याच्या वाटेवर जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

‘भोपाळ प्रकरणी न्यायालयाचा निकाल’ असा मथळा १९८९ मध्ये छापून आला, १९९१ मध्ये आला, १९९६, २०१० आणि २०२३ मध्येही आला. तरीही युनियन कार्बाइड कॉर्पोरेशन ही अमेरिकी कंपनी त्या रात्रीच्या संहाराला जबाबदार होती की नव्हती, या प्रश्नाचा निवाडा साक्षीपुरावे तपासून एकाही दिवाणी न्यायालयानं आजवर केलेला नाही. मग एवढे निकाल लागले ते कशाचे? कोणी दावा लावायचा, कुठे लावायचा, तोवर पैसे द्यायचे का, कोणतं कलम लागू होतं, झालेला आदेश पुन्हा उघडता येतो का, या प्रश्नांचे. कोर्टाच्या भाषेत यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे, आणि या नावांपाशीच खटल्याचं भवितव्य ठरत गेलं.

एक घटना, दोन वाटा

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. रासायनिक क्रिया भडकली आणि उजाडेपर्यंत विषारी वायूनं जुन्या शहरातल्या वस्त्यांत हजारोंचा बळी घेतला. या भारतीय कंपनीत अमेरिकी कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता.

अशी घटना घडली की कायद्याच्या दोन वाटा सुरू होतात. फौजदारी वाटेवर सरकार आरोपीला शिक्षा मागतं आणि गुन्हा ‘वाजवी शंकेपलीकडे’ सिद्ध करावा लागतो. दिवाणी वाटेवर नुकसान झालेला माणूस भरपाई मागतो. तिथे कोणाची बाजू अधिक संभवनीय, एवढं पाहिलं जातं. म्हणूनच एकाच प्रकरणात एखादा माणूस फौजदारीत सुटतो आणि दिवाणीत त्याला पैसे मोजावे लागतात. त्यात विसंगती काही नसते. भोपाळची गंमत वेगळी: एका टप्प्यावर या दोन्ही वाटा एकाच आदेशानं बंद केल्या गेल्या. तिकडे पुढे येऊच.

एफआयआर आणि जामीन

३ डिसेंबरला हनुमानगंज पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. एफआयआर म्हणजे गुन्हा घडल्याची पोलिसांपर्यंत पोहोचलेली पहिली खबर. तिच्यात नाव आलं म्हणून कोणी दोषी ठरत नाही. तिच्यातली कलमं तपासात वाढू शकतात किंवा गळू शकतात. तपासाअंती पोलीस न्यायालयात जे दाखल करतात ते आरोपपत्र. भोपाळमध्ये तपास काही दिवसांतच सीबीआयकडे गेला, पण आरोपपत्र यायला १ डिसेंबर १९८७ उजाडलं. त्यात बारा आरोपी होते.

अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळला आले. त्यांना अटक झाली, श्यामला हिल्सवरच्या कंपनीच्या विश्रामगृहात ठेवण्यात आलं आणि त्याच दिवशी २५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यात आलं. राज्य सरकारच्या विमानानं ते दिल्लीला गेले आणि तिथून मायदेशी. जातमुचलका म्हणजे ‘बोलावलं की हजर होईन’ असं आरोपीनं स्वतः लिहून दिलेलं बंधपत्र. दुसऱ्या कोणी हमी घेतली तर तो जामीनदार. जामीन ही निर्दोषत्वाची पावती नसते. खटल्याला आरोपी हजर राहील याची ती तजवीज असते. ती फसली की काय होतं, हे अँडरसन प्रकरणानं देशाला तीस वर्षं दाखवलं.

वादी कोण?

दिवाणी दावा लावणारा वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. इथे वादी लाखोंच्या संख्येत होते, त्यातले बहुतेक हातावर पोट असलेले. दुर्घटनेला आठवडा व्हायच्या आत अमेरिकी वकील भोपाळच्या गल्ल्यांत फिरून वकीलपत्रांवर अंगठे घेऊ लागले. पहिला दावा मेल्विन बेली यांनी ७ डिसेंबरलाच अमेरिकेत लावला. पुढे तिथल्या निरनिराळ्या कोर्टांत असे १४५ दावे साठले आणि ते न्यूयॉर्कमध्ये एकत्र करण्यात आले.

यावर १९८५ मध्ये संसदेनं स्वतंत्र कायदा केला आणि सर्व पीडितांच्या वतीनं दावा लावण्याचा हक्क केवळ केंद्र सरकारला दिला. जो स्वतःचं हित सांभाळू शकत नाही त्याचं पालकत्व राज्यसंस्थेनं घ्यायचं, या जुन्या तत्त्वाला न्यायालयात ‘पॅरेन्स पॅट्रिए’ म्हणतात. अज्ञान मुलासाठी पालक सही करतो, तशी इथे सरकारनं लाखो सज्ञान माणसांसाठी सही करायची होती. अडचण अशी की कारखान्याला परवाने देणारं, त्याची तपासणी करणारं हेच सरकार. पीडित संघटनांनी या कायद्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं २२ डिसेंबर १९८९ रोजी चरणलाल साहू प्रकरणात कायदा वैध ठरवला. मात्र तडजोडीआधी पीडितांना बाजू मांडू द्यायला हवी होती, असंही नोंदवलं. ‘नैसर्गिक न्याय’ म्हणतात तो हाच: ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा, त्याचं आधी ऐकून घ्यायचं.

कोर्ट कोणतं?

एप्रिल १९८५ मध्ये भारत सरकारनं न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश होते जॉन कीनन. कंपनीनं पहिली हरकत घेतली ती अधिकारक्षेत्राच्या अंगानं. दुर्घटना भारतात घडली, साक्षीदार भारतात, कागदपत्रं भारतात, तेव्हा सोयीचं न्यायालय भारतातलंच, असं तिचं म्हणणं. न्यायालयाला अधिकार असूनही, दुसरं न्यायालय अधिक योग्य आहे म्हणून खटला तिकडे पाठवण्याच्या या तत्त्वाचं नाव ‘फोरम नॉन कन्व्हिनिअन्स’.

पुढे घडलं ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवलं जातं. भारत सरकारनं शपथेवर सांगितलं की भारतीय न्यायालयं एवढा मोठा खटला चालवायला पुरी पडणार नाहीत: कामाचे ढीग, विलंब, अशा नुकसानभरपाईच्या कायद्याची अपुरी वाढ. उलट भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण समर्थ आहे, असं प्रतिज्ञापत्र अमेरिकी कंपनीच्या बाजूनं आलं, आणि ते करणारे होते मुंबईचे नामवंत विधिज्ञ नानी पालखीवाला. १२ मे १९८६ रोजी कीनन यांनी दावे भारतात पाठवले. भारताच्या न्यायालयांना जगासमोर उभं राहण्याची ही संधी नाकारणं म्हणजे साम्राज्यवादाचा आणखी एक नमुना ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. स्तुती भारताची झाली, सुटका कंपनीची. अमेरिकी ज्यूरी आणि तिथल्या भरपाईच्या आकड्यांचं भय तिच्या डोक्यावरून उतरलं.

तोवर काय?

सप्टेंबर १९८६ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. मागणी पुढे ३ अब्ज डॉलरच्या वर गेली. पण दावा सुनावणीला येईपर्यंत माणसांनी जगायचं कशावर? १७ डिसेंबर १९८७ रोजी जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी कंपनीला ३५० कोटी रुपये अंतरिम दिलासा म्हणून द्यायला सांगितलं. अंतरिम म्हणजे अंतिम निकालापूर्वीची, त्याच्या अधीन असलेली तात्पुरती व्यवस्था. देव यांनी आधार घेतला तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ चा. न्यायाची गरज भागवण्यासाठी न्यायालयाकडे जे अंगभूत अधिकार असतात, ते या कलमात जपलेले आहेत. पुरावा व्हायच्या आधीच पैसे भरायला लावणं म्हणजे खटला न चालवता निकाल देणं, असा कंपनीचा आक्षेप होता.

कंपनी जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेली. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ असली तरी उच्च न्यायालय जबलपूरला, खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला, भोपाळच्या वाट्याला काहीच नाही.

कंपनीनं जबलपूरला दाखल केला तो पुनरीक्षण अर्ज. अपिलात वरचं न्यायालय पुराव्यासह सगळं पुन्हा पाहू शकतं. पुनरीक्षणात प्रश्न मुख्यतः एवढाच: खालच्या न्यायालयानं आपल्या अधिकाराच्या मर्यादेत, योग्य रीतीनं काम केलं का? ४ एप्रिल १९८८ रोजी न्या. एस. के. सेठ यांनी रक्कम २५० कोटींवर आणली, पण तिचा पाया अधिक भक्कम केला. अंगभूत अधिकारांऐवजी त्यांनी कंपनीच्या दायित्वाचाच आधार घेतला.

दायित्वाचा हा धागा दिल्लीतून आला होता. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या एम. सी. मेहता खटल्यात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठानं २० डिसेंबर १९८६ रोजी ‘निरपवाद दायित्वा’चं तत्त्व मांडलं. घातक उद्योग चालवणाऱ्यानं अपघात झाल्यास भरपाई दिलीच पाहिजे, ‘आमची चूक नव्हती’, ‘तिसऱ्यानं घातपात केला’ हे बचाव चालणार नाहीत. एका कामगारानं मुद्दाम पाणी सोडलं, हाच तर कार्बाइडचा बचाव होता. हे तत्त्व कार्बाइडच्या खटल्यात अखेरपर्यंत लावून पाहिलं गेलं असतं, तर जगभरच्या कारखान्यांना त्याची दखल घ्यावी लागली असती.

तडजोड

तसं झालं नाही. अंतरिम रकमेवर दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सुनावणी होती ती फक्त २५० कोटींच्या प्रश्नावर. ती चालू असताना १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सरन्यायाधीश आर. एस. पाठक यांच्या पाच सदस्यांच्या पीठानं सगळा वादच मिटवणारा आदेश दिला: कंपनीनं ४७ कोटी डॉलर भरावेत, सगळे दिवाणी दावे संपावेत आणि फौजदारी खटलेही रद्द व्हावेत. दुसऱ्या दिवशी तडजोडीच्या अटी नोंदल्या गेल्या. भोपाळचा मूळ दावा तिथेच मिटला. एकाही साक्षीदाराची उलटतपासणी न होता.

तडजोडीचा हुकूमनामा न्यायालयाच्या निकालाइतकाच बंधनकारक असतो. फरक असा की त्यात कोण चुकलं हे ठरत नाही. कंपनीनं पैसे दिले, जबाबदारी कबूल केली नाही. ही रक्कम काढताना मृतांचा आकडा सुमारे ३००० धरला होता. भोपाळमध्ये बसलेल्या दावा न्यायालयांनी पुढे मंजूर केलेले मृत्यूचे दावे ५००० च्या वर गेले, आणि भरपाई मंजूर झालेली माणसं साडेपाच लाखांहून अधिक निघाली. दावा मंजूर व्हायचा तर त्या रात्री आपण बाधित भागातच होतो, याचा कागद हवा. इस्पितळाची चिठ्ठी, शिधापत्रिका, शवविच्छेदनाचा अहवाल. ज्यांनी घाईगर्दीत आपली माणसं पुरली किंवा जाळली, त्यांनी हा कागद आणायचा कुठून?

पुनर्विलोकन आणि क्युरेटिव्ह

सर्वोच्च न्यायालयाच्या वर अपील नाही. मग उरतं ते पुनर्विलोकन, म्हणजे त्याच न्यायालयाला आपलाच आदेश पुन्हा तपासायला सांगणं. नवे मुद्दे मांडायची ती जागा नव्हे. कागदपत्रांवर उघड दिसणारी चूक दाखवावी लागते. ३ ऑक्टोबर १९९१ च्या पुनर्विलोकनाच्या निकालानं रक्कम कायम ठेवली, पण फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. पैसे कमी पडले तर उणीव केंद्र सरकारनं भरून काढावी आणि पुढे आजार उद्भवू शकणाऱ्यांसाठी विमा उतरवावा, असंही सांगितलं.

पुनर्विलोकनानंतरचं अगदी शेवटचं दार म्हणजे क्युरेटिव्ह याचिका. राज्यघटनेत हा शब्द नाही. २००२ मध्ये रूपा हुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच ही वाट काढून दिली, तीही घोर अन्याय झाला असेल तरच उघडेल अशी. डिसेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारनं या वाटेनं वाढीव भरपाई मागितली. १४ मार्च २०२३ रोजी न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानं ती मागणी फेटाळली. तडजोड फसवणुकीच्या आधारेच मोडता येते आणि तसा दावाच नाही, हे मुख्य कारण. १९९१ मध्ये सांगितलेला विमा सरकारनं उतरवलाच नव्हता, याबद्दल पीठानं कडक शब्दांत ताशेरे ओढले. पालक म्हणून ज्यानं सही केली होती त्याच्याच निष्काळजीपणाची नोंद अशी निकालपत्रात राहिली.

कलमाचा एक आकडा

फौजदारी वाटेवरचं सर्वांत महाग वळण आरोपनिश्चितीचं. आरोपपत्र तपासयंत्रणा देते. त्यातले कोणते आरोप चालवायचे हे न्यायालय ठरवतं, तीच आरोपनिश्चिती. सत्र न्यायालयानं भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे सदोष मनुष्यवधाचे आरोप निश्चित केले. कमाल शिक्षा दहा वर्षं. १३ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते उतरवून ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू, इथे आणले. कमाल शिक्षा दोन वर्षं.

या दोन कलमांमधला फरक जाणिवेचा आहे. या कृत्यानं माणसं मरू शकतील हे आरोपीला ठाऊक होतं, असं दिसलं तर पहिलं कलम. ठाऊक नव्हतं पण घ्यायची ती काळजी घेतली नाही, तर दुसरं. त्या रात्री कारखाना चालवताना आरोपींना अशी जाणीव होती, हे प्रथमदर्शनीही दिसत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. खटला सत्र न्यायालयातून दंडाधिकाऱ्यांकडे आला आणि आणखी चौदा वर्षं चालला. सरकार पक्षानं १७८ साक्षीदार तपासले.

७ जून २०१० रोजी मुख्य न्यायदंडाधिकारी मोहन तिवारी यांनी भारतीय कंपनी आणि केशुब महिंद्र, विजय गोखले यांच्यासह सात हयात अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. दोन वर्षं कैद, सुमारे एक लाख रुपये दंड. त्याच दिवशी सगळ्यांना जामीन मिळाला, प्रत्येकी २५,००० रुपयांवर. देशभर संताप उसळला तो दंडाधिकाऱ्यांवर, पण त्यांच्या हातात होती ती कमाल शिक्षा त्यांनी दिली होती. खरा निकाल १९९६ मध्येच लागून गेला होता. सीबीआयनं क्युरेटिव्ह याचिकेतून जुनं कलम परत मागितलं, ते मे २०११ मध्ये फेटाळलं गेलं. पुराव्यात तसं दिसलं असतं तर दंडाधिकारी स्वतःच खटला सत्र न्यायालयाकडे पाठवू शकत होते, याची आठवण सर्वोच्च न्यायालयानं त्या वेळी करून दिली.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. ३०४-अ चं झालं कलम १०६, आणि कमाल शिक्षा सर्वसाधारणपणे पाच वर्षं. भोपाळला त्याचा उपयोग नाही. गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा कायद्यात होती त्याहून अधिक देता येत नाही, ही घटनेच्या कलम २० ची हमी आहे.

अँडरसन २०१० च्या निकालात कुठेच नाहीत. ते, अमेरिकी कंपनी आणि तिची हाँगकाँगची उपकंपनी १९९२ मध्ये फरार घोषित झाले. त्यांचं प्रकरण वेगळं काढण्यात आलं आणि अमेरिकी कंपनीचे भारतातले शेअर जप्त झाले. त्यांच्या विक्रीतून आलेला पैसा पुढे भोपाळ मेमोरियल इस्पितळासाठी वापरला गेला. अँडरसन यांच्या प्रत्यार्पणाची मागणी अमेरिकेनं २००४ मध्ये नाकारली. सप्टेंबर २०१४ मध्ये ते फ्लोरिडात वारले.

गल्लत होते ती इथे

*आरोपी आणि दोषी:* दोषसिद्धी होईपर्यंत माणूस आरोपीच असतो, मग जामीन मिळो वा न मिळो.

*आरोपमुक्ती आणि निर्दोष मुक्तता:* खटला चालवण्याजोगा पुरावाच नाही म्हणून सुरुवातीला सुटणं ही आरोपमुक्ती. खटला चालून सुटणं ही निर्दोष मुक्तता.

*निकालपत्र आणि हुकूमनामा:* निकालपत्रात कारणं असतात, हुकूमनाम्यात कोणी काय द्यायचं-करायचं ते. दिवाणी दाव्यात अंमलबजावणी होते ती हुकूमनाम्याची.

*स्थगिती आणि तहकुबी:* स्थगितीनं आदेशाची अंमलबजावणी थांबते. तहकुबीनं फक्त पुढची तारीख पडते.

अजून काय बाकी आहे?

कारखान्यातल्या घातक कचऱ्याविषयी २००४ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. स्वतःचं नुकसान झालेलं नसतानाही सार्वजनिक हितासाठी कोणीही करू शकतो, ती जनहित याचिका. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं चार आठवड्यांची मुदत घातली आणि अवमानाच्या कारवाईची तंबी दिली, तेव्हा कुठे १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून पीथमपूरला निघाला. तिथे तो जाळण्यात आला. कारखान्याच्या आवारातली माती आणि आसपासचं भूजल यांचा प्रश्न त्यात सुटलेला नाही.

फरार आरोपींच्या वेगळ्या काढलेल्या प्रकरणात, कार्बाइड २००१ मध्ये विकत घेणाऱ्या डाऊ कंपनीला अनेकदा समन्स गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचे वकील पहिल्यांदा भोपाळच्या न्यायालयात उभे राहिले. त्यांचा पहिला मुद्दा होता अधिकारक्षेत्राचा. म्हणजे १९८५ मध्ये न्यूयॉर्कला भारतच योग्य म्हणणाऱ्या कार्बाइडचा आजचा मालक भोपाळमध्ये येऊन सांगतो की हे कोर्ट आमच्यासाठी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणत्याही खटल्याचा निकाल लागल्याचं वाचाल, तेव्हा तीन गोष्टी आधी शोधा. न्यायालय कोणतं, टप्पा कोणता, आणि न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता. अंतरिम आदेशाला अंतिम समजू नका, जामिनाला सुटका समजू नका आणि तडजोडीला निवाडा समजू नका. भोपाळ खटल्यातलं कलम उतरवलं गेलं त्या दिवशी फारसा कोणी रस्त्यावर आला नाही, आणि शिक्षा सुनावली त्या दिवशी सगळे आले. चौदा वर्षं उशिरा.